शाळेत न पोहोचलेली मुलगी

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तेव्हा सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. मी डबा उघडत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका बाईंना आत घेऊन आले. बाई एका कार्यालयात लिपिक होत्या. नऊ वर्षांच्या मुलीला दवाखान्यात न्यायला त्या शाळेत गेल्या, तर मुलगी सकाळपासून शाळेत आलीच नव्हती.

मुलीला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा विकार आहे, संताप आला की ती पळत सुटते, समोरून गाडी येतेय हेही पाहत नाही, असं बाईंनी स्वतःहून सांगितलं. बरेच पालक हे लपवतात. अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. ते काम सुरू करून मी वडिलांना बोलावून घेतलं.

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेकॅनिक होते. सकाळी मुलीला शाळेच्या फाटकाशी सोडलं, एवढंच ते म्हणाले. मूल हरवलेला बाप पोलिसालाच प्रश्न विचारून भंडावून सोडतो. यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नजर सारखी मोबाईलवर जात होती.

तेवढ्यात शाळेकडे पाठवलेल्या हवालदाराचा फोन आला. तिथला एक रिक्षावाला सांगत होता, की मुलगी बापाच्याच गाडीवर होती, पण गाडी फाटकाशी थांबली नाही, विजापूर रोडकडे गेली.

मी वडिलांना शेजारच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि आवाज न चढवता विचारलं, "सकाळी तुम्हाला माहीत होतं मुलगी कुठे आहे. आता माहीत नाही. बरोबर?"

त्यांचा चेहरा उतरला. "व्हय साहेब," ते म्हणाले. "मंद्रूपला बहिणीकडं ठेवली हुती. तितनं पळाली."

त्या दिवशी डॉक्टर औषध सुरू करणार होते. ते वडिलांना नको होतं. पोरगी नुसती हट्टी आहे, गोळ्या सुरू झाल्या की वेडी म्हणून शिक्का बसेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दवाखान्याची वेळ टळली की संध्याकाळी तिला घरी आणायचं, असा बेत होता. मग मुलगी पळाल्याचा बहिणीचा फोन आला आणि बायकोला तोंड कसं दाखवायचं म्हणून ते गप्प राहिले.

मी त्यांना घेऊन बाहेर आलो आणि बाईंना हे सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "कधी निघायचं?"

मंद्रूप ठाण्याला कळवून आम्ही जीपने तिकडे गेलो. तिथे आठवडी बाजार भरलेला. पोलीस भोंग्यावरून मुलीच्या नावाचा पुकारा करत होते. जीपमधून उतरताच बाई म्हणाल्या, "साहेब, भोंगा बंद करायला सांगा. आवाज वाढला की ती लपून बसते." मी भोंगा बंद करवला. मग त्या म्हणाल्या, मुलगी घाबरली की अंगाभोवती चादर घट्ट गुंडाळून घेते, तेव्हा कापडवाल्यांकडे आधी बघू.

तिसऱ्या की चौथ्या दुकानात फळीखाली, चादरींच्या गठ्ठ्यांमागे मुलगी सापडली. गुडघे पोटाशी, कानांवर हात. दुकानदाराला पत्ताही नव्हता. वडील तिला ओढून काढायला धावले. बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्या तिथेच मातीत बसल्या. थोड्या वेळाने वडीलही शेजारी बसले.

आतून आवाज आला, "पप्पा मारणार?"

"न्हाय मारणार," ते म्हणाले. "तुला पायजे तवा ये."

बराच वेळ गेला. मग ती सरपटत बाहेर आली आणि आईच्या मांडीत शिरली. वडिलांनी तोंडावर रुमाल धरला. मी नजर वळवून माझ्या हवालदारांकडे पाहिलं, तर तेही दुसरीकडेच बघत होते.

ठाण्यात परतल्यावर मी बाईंना विचारलं, नवऱ्याविरुद्ध काही तक्रार आहे का. त्या म्हणाल्या, "तक्रार नाही. दवाखान्यात उद्या दोघांनी जायचं, एवढं त्यांनी तुमच्यासमोर म्हणावं."

त्यांनी तसं म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोघं गेलेही, आमच्या महिला शिपायाने फोन करून खात्री केली.

नोकरीत मी खोटं बोलणारी शेकडो माणसं पाहिली. खोटं पकडलं की माणूस कळला, असं मला वाटायचं. त्या दिवसापासून मी पुढचाही प्रश्न विचारू लागलो: हा माणूस कशाला घाबरलाय?