रिबेकाताईंबरोबर दगड धुताना

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनहून निघालेली गाडी हट नदीच्या काठाकाठाने अप्पर हटला पोचली. स्टेशनबाहेर माझी लेक उभी होती. तिच्या मागे घरांना चिकटलेले हिरवे डोंगर आणि पदर सावरू न देणारा वारा.

दुसऱ्या दिवशी डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात) मी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "पुण्याच्या का हो तुम्ही?"

त्या रिबेकाताई नागावकर. मूळच्या अलिबागकडच्या, कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू समाजातल्या. हात धरून घरी नेलं आणि मलिदा (गूळ, ओलं खोबरं घातलेले गोड पोहे) पुढ्यात ठेवला. तेवढ्यात दक्षिण बेटावरच्या हॉर्नबीहून त्यांच्या मुलाचा फोन आला.

"ममा, लीव्ह इट. कौन्सिलवाले क्लीन करतील."

"तुझ्या बाबांचा दगड आहे. मीच धुणार," ताई म्हणाल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "दफनभूमीत ह्यांच्या थडग्यावर कुणीतरी रंग फासलाय. येता?"

गेलो. काळ्या दगडावर लाल नाझी चिन्ह होतं. मी रोज उंबरठ्यावर काढते त्या स्वस्तिकासारखंच, फक्त तिरपं. ताईंनी ब्रश हातात दिला.

शेजारच्या दगडावरही तोच रंग होता. "हे व्हिएन्नाचे. लहानपणी नाझींपासून पळून आले," घासता घासता ताई सांगू लागल्या. "आईवडिलांनाही यायचं होतं. इथल्या सरकारने परवानगी नाकारली. ते नाझी छावणीत मेले. आणि लढाई सुरू झाल्यावर, जर्मन बोलतात म्हणून, लोक ह्यांच्याकडेच शत्रू म्हणून बघायला लागले."

"ज्यू म्हणून पळून आलेल्यांकडे?"

"हो ना. आता मुलगा म्हणतो, दारावरचा मेझुझा (प्रार्थनेचा कागद असलेली डबी) काढ. ज्यू नावामुळे त्याला ऑफिसात बोलणी खावी लागलीत. भितो बिचारा."

"काढणार?"

"छे! कोकणात आमच्या दारावर होता, कुणी लपवायला सांगितलं नाही. इथे का लपवू?"

गार पाण्याने बोटं बधिर झाली. संध्याकाळपर्यंत दोन्ही नावं स्वच्छ वाचता आली.

पुण्याला परतल्यावर ताईंचा फोन आला. "परत रंग फासला हो. पण या वेळी लेक आलाय हॉर्नबीहून. आत्ता बादली भरतोय."

आपल्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. अजूनही सांगते, पण आता तेवढ्यावर थांबत नाही. त्या दोन दगडांचीही गोष्ट सांगते, ऐकणाऱ्याने विषय बदलला तरी.