जिवंत माणसाचं पोस्टर

साल २०१८. माझं वय छप्पन्न, नोकरीची दोन वर्षं उरलेली. त्या दिवसाची आठवण आली की अजून मूठ आवळते. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार झालो. कुणाच्या चिठ्ठीवर नाही, स्वतःच्या पायांवर.

कराडजवळच्या ठाण्यात सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक मेंढपाळ आत आला.

"साहेब, मी मेलोय. नोंद घ्या."

मी हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

त्यानं मोबाइल पुढं धरला. एसटी स्टँडवरच्या पोस्टरचा फोटो होता. त्यात त्याची बायको, शेजारी मुलगी. बायकोचं कपाळ मोकळं. खाली लिहिलेलं, 'बाबा गेले. माझं शिक्षण थांबू देऊ नका.' मुलगी माणदेशातल्या एका वसतिगृहात राहून दहावी करत होती. महिन्यावर परीक्षा.

"मी जित्ता असताना हिनं कुकू पुसलं! हाकलली तिला भावाकडं. पोरीलाबी उद्या आणतो. मेंढरामागं हिंडंल."

"अरे, परीक्षा तोंडावर आलीय."

"मेलेल्या बापाची पोर म्हणून न्हाई शिकायचं तिनं."

वसतिगृह चालवणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगलीचा एक सल्लागार नेमला होता. संस्थांना देणगीदार गाठून देणं हा त्याचा धंदा. धंद्यात वाईट काही नाही. चांगल्या कामालाही कुणीतरी मागणारा लागतो. पोस्टर मात्र बाईंनी छापून लागल्यावरच पाहिलं.

"बाई, तवाच उतरवायचं नाही का?"

"पोरींच्या जेवणाचा प्रश्न होता हो," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. पोरीला आणायचं एक दिवस थांब, असं मेंढपाळाला बजावलं होतं. त्याची बायको भावाबरोबर आली. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मी न्हाई पुसलं. फोटू काढताना त्यो सल्लागार म्हनला डोक्यावर पदर घ्या, घेतला. तेवढंच."

"मग फोटूत कुकू कुठं गेलं?" नवरा ओरडला.

सल्लागार इस्त्रीच्या शर्टात, पायावर पाय टाकून बसलेला. "यांनी स्वतःहून कुंकू पुसलं. आमच्याकडं संमतीपत्र आहे."

मी तोच प्रश्न तीनदा विचारला. तिन्ही वेळा तेच शब्द, त्याच क्रमानं. खरं सांगणारा माणूस इकडंतिकडं होतो, मधेच काहीतरी आठवतो. हा पाठ म्हणत होता. पण पुरावा काय? कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. वरिष्ठ म्हणाले, "नवराबायकोचं भांडण आहे, समज देऊन सोडा." मी नाही सोडलं.

सल्लागाराकडची पोस्टरची एक प्रत टेबलावर पसरली आणि बघत बसलो. माझी आई आठवली. तिच्या भुवयांमधे हिरवं गोंदण होतं. कुंकू त्याच्यावरच लावायची.

मी मेंढपाळाला विचारलं, "तुझ्या बायकोच्या कपाळावर गोंदण आहे का रं?"

"हाय की. कुकवाखाली. ल्हानपनचं."

"मग यात दाखव."

तो वाकला. बोटानं कपाळ चाचपलं, कागदावरचं. गोंदण कुठंच नव्हतं.

मी सल्लागाराकडं वळलो. "बाईनं कुंकू पुसलं म्हणता. गोंदण कशानं पुसलं?"

त्यानं पायावरचा पाय खाली घेतला. मग बोलला. फोटो कॉम्प्युटरवर बदलला होता. विधवा दिसली की देणगी लवकर येते म्हणाला. पंचनामा करून मूळ फोटो जप्त केला. त्यात कुंकू ठसठशीत होतं. गुन्हा दाखल झाला.

मेंढपाळ बायकोपुढं जाऊन उभा राहिला. "चल."

"हाकलताना इचारलं न्हाई, आता कसं चल?" ती म्हणाली. "आदी पोरीकडं जाते. तिला सांगते, तुजा बाप हाय म्हनून."

"तिला म्हनावं, परीक्षा दे," तो म्हणाला. भरल्या ठाण्यात त्यानं मान खाली घातली.

मी एवढंच शिकलो, की मदत मागण्यात लाज नाही. पण ज्याच्या नावानं मागायचं, त्याच्या दारात आधी जाऊन विचारावं. आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोस्टर उतरवायला शिडी घेऊन स्टँडवर गेलो. शिपाई पाठवता आला असता, नाही पाठवला. एक कंडक्टर म्हणाला, "काय फौजदार, खातं बदललं का?" मी पाण्यानं ओला केलेला कागद ओढत राहिलो. तेवढ्यात खालून कुणीतरी शिडी हलवली. मेंढपाळ होता.

"उतरा साहेब. मेलेला मी हाय, ह्ये काम माजं."

मी उतरलो आणि शिडी धरली.