ड्रॉइंगबाहेरचे तीन पार्ट

जयरामचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गजर नसे. सदतीस वर्षं सहाच्या पाळीला जूचंद्रहून वसईच्या औद्योगिक वसाहतीत सायकल मारत गेलेल्या माणसाला गजर लागत नाही. काम सुटून चार वर्षं झाली, डोळे तरी चारलाच उघडत. आता त्याला चारचं आणखी एक कारण मिळालं होतं. नायगावला टॉवर उभे राहिल्यापासून दिवसा विजेचा दाब वरखाली होई. साडेपाचला टॉवरांचे पाण्याचे पंप सुरू झाले की मीटर दोनशेदहा व्होल्टवर येई. चार ते साडेपाच मात्र दोनशेतीस म्हणजे दोनशेतीस. माप घ्यायचं ते या दीड तासात, एरवी नाही.

कारखान्यात तो ट्रान्सफॉर्मर भरायचा. हाताने. तारेचा एक वेढा कमी पडला तर माल परत, एक जास्त पडला तरी परत. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ड्रॉइंगच्या बाहेर काही करायचं नाही. माल आणि ड्रॉइंग जुळत नसेल तर चूक मालाची. दुसरी, जळक्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेलं तांबं गिऱ्हाइकाचं. ते वजन करून त्याच्या हातात द्यायचं, ग्रॅमसुद्धा ठेवायचा नाही. जयरामने सदतीस वर्षं दोन्ही पाळल्या. त्याबद्दल कोणी पाठ थोपटली नाही आणि त्याने अपेक्षाही केली नाही.

निवृत्तीनंतर पडवीत त्याने एक टेबल टाकलं. सुरुवात गावातल्या बँजो पार्टीपासून झाली. हळदीच्या रात्री त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर जळला, ट्रान्सफॉर्मर कोण भरणार म्हणून ते जयरामकडे आले. त्याने भरून दिला, तो टिकला. मग दुसरा आला, तिसरा आला. वसईच्या वाजवणाऱ्यांत नाव झालं. गिटारवाले जपून वापरतात ते व्हॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प्लिफायर उघडायला हल्ली कोणी धजत नाही. आत साडेचारशे व्होल्ट असतात, प्लग काढला तरी बराच वेळ मुक्काम ठोकून राहतात. जयराम आधी ते उतरवून घ्यायचा, मग एक हात खिशात घालून दुसऱ्याने काम करायचा, म्हणजे झटका बसलाच तरी छातीतून जात नाही. घाई करणाऱ्याला तो सरळ दुसरीकडे जायला सांगायचा.

पाऊस संपता संपता गिरीजचा क्लिफर्ड आला. हा आठ वर्षं जहाजावर गिटार वाजवत होता. पहिल्या कराराच्या पैशातून त्याने परदेशात एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. काळी पेटी, वजन वीस किलोच्या वर, आवाज फाडून काढणारा. आता तो दहा मिनिटं वाजे, मग तडतडे आणि गप्प होई.

"काका, ही माझी बायकोच समजा," क्लिफर्ड म्हणाला.

"मग घरी ठेवायची. इथं कशाला आणली?" जयराम म्हणाला.

क्लिफर्डने नायगावच्या झेरॉक्सवाल्याकडून सर्किटचं ड्रॉइंग छापून आणलं होतं. नेटवर एवढं एकच मिळालं, म्हणाला. मग पेटी लावून त्याने दहा मिनिटं वाजवून दाखवली. जयरामची बायको शकू आत चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडून त्या साफ करत होती. ती दारात येऊन उभी राहिली, कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि परत गेली.

बिघाड सोपा होता. एक रेझिस्टर जळून कोळसा झाला होता. पण जयराम हाती घेतलेलं काम अर्धं सोडत नसे. ड्रॉइंग समोर धरून त्याने एकेक पार्ट तपासला आणि तीन पार्ट जुळेनात. एका जोडणीतला कपॅसिटर कागदावर बावीस नॅनो होता, पेटीत पाचाच्याही खाली. मागच्या टोकाकडून आवाज परत पुढे आणून त्याला लगाम घालणारा रेझिस्टर कागदावर सत्तेचाळीस किलोओहम, पेटीत शंभर. आणि आवाज किती फाटावा ते ठरवणाऱ्या गेनच्या बटणावरचा चपटा कपॅसिटर कागदाच्या दुपटीहून मोठा.

"आधी कोनी तरी हात घातलाय यात," तो शकूला म्हणाला. "किंमती चुकीच्या टाकल्यात. पन काम साफ हाय. कथलाचे डाग बग, कंपनीचेच वाटतात."

त्याने तिन्ही पार्ट काढले, ड्रॉइंगप्रमाणे नवे लावले. काढलेले तिन्ही आणि तो कोळसा झालेला रेझिस्टर कागदाच्या पुडीत बांधले. कोणता कुठला ते पुडीवर लिहिलं. सोमवारी क्लिफर्ड पेटी न्यायला आला तेव्हा पुडी त्याच्या हातात दिली.

"हे काय, प्रसाद?"

"तुझा माल. फेकायचा तर तू फेक."

बुधवारी दुपारी क्लिफर्ड परत आला. पेटी त्याने टेबलावर ठेवली ती जरा जोरातच.

"काका, टोन गेला हो हिचा."

"तडतडते?"

"नाही. चार तास वाजवली, तडतडली नाही. पण ही ती नाहीच. खालचे सूर चिखलात रुतल्यासारखे येतात. वरची धार गेली. रविवारी गावच्या सणाला आम्ही वाजवतोय, अख्खी वसई असणार. हा आवाज घेऊन मी उभा राहू शकत नाही."

जयरामने पेटी उघडली. मीटर लावला. व्होल्टेज बरोबर, करंट बरोबर, प्रत्येक पार्ट कागदाबरहुकूम.

"हे बघ. काही चूक नाही."

"मीटर बरोबर असेल. कान सांगतात ना."

"वाजव."

क्लिफर्डने वाजवलं. जयरामने पेटीच्या फळीवर हात ठेवून ऐकलं. मोठा आवाज होता, फाटका होता, या पेट्यांचा असतो तसा. आताचा आवाज आणि आधीचा यात फरक काय, ते त्याला कळेना. कारखान्यात त्याच्या जागेच्या डाव्या हाताला पत्रा कापायचा प्रेस होता. त्या प्रेसने डाव्या कानातलं काहीतरी नेलं असणार, हे त्याला आतून ठाऊक होतं. कोणापाशी बोलला नव्हता.

क्लिफर्डने तारांवर हात ठेवून आवाज थांबवला. "शनिवारपर्यंत होत असेल तर बघा. नाही तर मी अंधेरीला एकाकडे नेतो. रागावू नका काका, पण लोक विचारतील तर सांगावं लागेल मला."

तो गेला. जयराम पेटीसमोर बसून राहिला. अंधेरीचा माणूस पेटी उघडेल आणि विचारेल, हे कोणी केलं? मग नायगावपासून बोळिंजपर्यंत एकही वाजवणारा या पडवीत पाऊल टाकणार नाही. पण त्याला ते एवढं टोचत नव्हतं. ज्या कामाचा दोष आपल्याला ऐकूच येत नाही ते काम करायचा आपल्याला हक्क काय? उत्तर सापडलं नाही तर रविवारी टेबल उचलून माळ्यावर टाकायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

शकू पाणी घेऊन आली.

"पोरगा खरा बोलतंय," ती म्हणाली.

"तुला काय कलतंय त्यातलं?"

"मना गिटार नाय कलत. कान हायेत ना? आदी आनलीवती तवा कशी चावत होती. चिंबोरीनं बोट धरावं तशी. आता नुसता भात शिजल्यासारखा बदबद, बदबद."

"सोमवारी का नाय बोललीस?"

"तुमी इचारलं कदी? तुमी त्या डबीला इचारता." तिने मीटरकडे बोट दाखवलं. "पानी प्या."

जयराम पाणी प्याला. शकूने सदतीस वर्षं फक्त त्याच्या सायकलच्या खडखडीवरून तो दमलाय की रागावलाय ते ओळखलं होतं. तिच्या कानाला खोटं पाडणं अवघड होतं.

गुरुवारी चारला तो टेबलाशी बसला. मीटर बाजूला ठेवला. काय काय केलं ते पहिल्यापासून आठवायचं ठरवलं, हात जसा चालला त्या क्रमाने. झाकण काढलं. दाब उतरवला. कोळसा झालेला रेझिस्टर काढला. मग तो जोडणीचा कपॅसिटर. सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली आणि कथलाचा डाग एका दमात वितळला.

इथे तो थांबला.

दुसऱ्या हाताने पुन्हा दिलेला डाग असा वितळत नाही. त्याखाली जुन्या डागाची कड राहते, बोर्डाचं तांबं थोडं तरी उचललेलं असतं. जयरामने आयुष्यात हजारो डाग काढले होते. या तिन्ही जागी तसं काहीच नव्हतं. तांबं कोरं, चकचकीत. तो स्वतःच तर म्हणाला होता, डाग कंपनीचेच वाटतात. वाटत नव्हते. ते कंपनीचेच होते. ज्या कारागिराला त्याने मनात नावं ठेवली तो कारागीर कधी नव्हताच.

म्हणजे माल खरा होता. खोटं होतं ते ड्रॉइंग.

पण ड्रॉइंग त्याच पेटीचं होतं. नाव तेच, बटणं तेवढीच, व्हॉल्व्ह तेवढेच. त्याने चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला. खालच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावापुढे बारीक अक्षर होतं: एफ. आठवडाभर कागद समोर होता, ते अक्षर त्याने वाचलं नव्हतं. मग तो बोर्डाकडे वळला. कडेने वायरींची जुडी बांधलेली होती. ती हलकेच उचलली, ब्रशने धूळ झाडली. हिरव्या बोर्डावर पांढऱ्या रंगात छापलेलं होतं: सी.

कंपनीने पेटी तीच ठेवली होती आणि आतलं सर्किट दर थोड्या वर्षांनी बदललं होतं. प्रत्येक बदलाला एक अक्षर. क्लिफर्डची पेटी जुनी, कागद तीन बदलांनंतरचा. आता ते तीन पार्ट जयरामला चुका दिसेनात. कोणीतरी विचार करून ठेवलेले दिसू लागले. लहान कपॅसिटर खालचे सूर अडवतो, म्हणून पुढे आवाज फाटला तरी गढूळ होत नाही. शंभरचा रेझिस्टर लगाम सैल ठेवतो. बटणावरचा मोठा कपॅसिटर वरची धार वाट काढून पुढे नेतो. पुढच्या अक्षरांत कंपनीने हे सगळं मवाळ केलं असणार. कोणाला तेही आवडत असेल. क्लिफर्डने आठ वर्षं ज्याच्यावर हात बसवला तो आवाज मवाळ नव्हता.

सदतीस वर्षं ड्रॉइंग बरोबर आणि माल चूक. कारखान्यात ते खरंच होतं, कारण तिथे माल ड्रॉइंगवरून बनायचा. इथे पेटी आधी आली होती, कागद मागून.

साडेपाचला पंप सुरू झाले. जयराम सातपर्यंत थांबला, मग फोन लावला.

"क्लिफर्ड, ती पुडी कुठाय?"

"कुठली पुडी?" क्लिफर्ड झोपेत होता.

"तुझा माल दिला होता तो. फेकलास?"

पलीकडे पलंग करकरला. काहीतरी उघडल्याचा आवाज आला. "गिटारच्या बॅगेत आहे. तुम्ही सोनं दिल्यासारखी दिलीत, फेकायला हात झाला नाही. का?"

"घेऊन ये. माझी चूक झाली. ये, मग सांगतो."

नऊ वाजता क्लिफर्ड स्कूटरवरून आला. जयरामने त्याला दोन्ही अक्षरं दाखवली, काय केलं ते सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. क्लिफर्ड डोकं खाजवत म्हणाला, "कागद तर मीच आणला होता."

"वाचायचा मी होता."

पुडीवर लिहिलेलं होतं, त्यामुळे तिन्ही पार्ट बिनचूक आपापल्या जागी गेले. प्रत्येक तपासला, जुने असूनही शाबूत होते. जयरामने डाग घाईने दिले नाहीत. पाऊण तास लागला. क्लिफर्ड मध्ये दोनदा उठला, दोनदा त्याला बसवलं. आधी दिव्याच्या सिरीजमधून वीज दिली. दिवा भडकला नाही, म्हणजे आत कुठे शॉर्ट नव्हता. मग सरळ जोडली.

"वाजव."

क्लिफर्डने खालच्या तारेवर एक घाव घातला आणि लगेच तळहाताने दाबला. जयरामने पेटीच्या फळीवर हात ठेवला होता. काल तिथे कंप रेंगाळत होता, ओल्या गोणीवर थाप मारावी तसा. आज थाप बसली आणि जागच्या जागी तुटली. वरची धार त्याला आजही ऐकू आली नाही. पण हे त्याला तळहाताने कळलं, आणि कळलं म्हणून तो हात काढून घेईना.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आली गो बाय, चिंबोरी आली!" शकू ओरडली. "आता तो आवाज कमी करा, दूध नासंल!"

क्लिफर्ड हसता हसता खुर्चीतून पडायचा बाकी होता. "काकू, रविवारी तुम्हीच साउंड चेकला या."

रविवारी दोघं गेले. शकूने ठेवणीतली साडी नेसली, पहिली तीन गाणी ऐकली आणि म्हणाली, बरोबर हाय. जयरामला तेवढं पुरलं. पुढच्या आठवड्यात क्लिफर्डच्याच सांगण्यावरून दोन पेट्या आल्या, त्यातली एक थेट बोळिंजहून. टेबल माळ्यावर गेलं नाही. भिंतीवर मात्र जयरामने खडूने एक ओळ लिहिली: आधी बोर्डावरचं अक्षर, मग कागद.

सणापासून होळीपर्यंत त्याने अकरा पेट्या केल्या. डावा कान अधू झालाय हे एव्हाना त्याने शकूला सांगितलं होतं, तिला वाटलं त्या मजुरीतून तो कानाचं यंत्र घेईल. डॉक्टरकडे तो जाऊन आला होता आणि ते पुढे घेणारही होता. पण आधी तो वसईला गेला आणि खांद्यावर एक जुनी इलेक्ट्रिक गिटार अडकवून आला. लाल रंगाची, एका कोपऱ्यात रंग उडालेली.

"ही कोन वाजवनार?" शकूने विचारलं.

"तू. पेटी आली की एकदा वाजवायची, जायच्या आधी एकदा. फरक पडला तर सांगायचं."

"मना येत नाय."

"गानं कोन सांगतंय? नुसत्या तारा छेडायच्या."

ती गिटार आता पडवीत, दाराशेजारच्या खुंटीला असते. पेटी तयार झाली की जयराम हाक मारतो. शकू पदराला हात पुसत येते, अंगठ्याने सहा तारा वरून खाली छेडते आणि मान एका बाजूला कलती करून ऐकते. ती हो म्हणाल्याशिवाय पेटी दाराबाहेर जात नाही.