विरजण

ताईच्या ऑफिसात एका टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर होता. त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा. बटणावर चिकटपट्टी मारून कुणीतरी ठळक अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहिलं होतं, आणि झाडूवालीसुद्धा निजलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तशी त्याच्या भोवतीने झाडून जायची. त्याला सगळे विरजण म्हणत.

नाव ताईनेच पाडलेलं. कंपनी श्वासाची यंत्रं बनवायची. ज्यांच्या छातीत श्वास ओढायचं बळ उरलेलं नाही, त्यांच्या उशाशी ठेवायची, जेवणाच्या डब्याएवढी यंत्रं. प्रत्येकाच्या पोटात एक चिमुकला कॉम्प्युटर आणि त्यात लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, पण बाजारात मिळतं तसं तयार नव्हे. यंत्राच्या मापाने बेतलेलं, नको ते सगळं कापून टाकलेलं. असंख्य तुकडे जुळवून त्याचा एक गोळा करायचा, त्याला ऑफिसात 'बांधणी' म्हणत. मग ती घरोघरच्या यंत्रांत उतरवायची. हे ताईचं काम. पण कोऱ्या कॉम्प्युटरवर ही बांधणी व्हायचीच नाही. व्हायची ती फक्त टेबलाखालच्या त्या एका मशीनवर, कारण मागच्या बांधणीचं उरलंसुरलं त्याच्या पोटात शिल्लक असायचं आणि नवी त्याच्यावरच लागायची.

"म्हणजे कालचं चमचाभर ठेवायचं आणि त्यावर आजचं लावायचं. हे विरजणच झालं की," ताई नोकरीला लागली त्या आठवड्यात म्हणाली, आणि मास्तर पोट धरून हसले.

मास्तर म्हणजे हे सगळं ज्यांनी उभं केलं ते. शिकवण्याची खोड, म्हणून मास्तर. एक विचारावं तर उलट तीन प्रश्न विचारायचे. पण लिहून ठेवायचा भयंकर कंटाळा. काही अडलं की टेबलाखाली वाकायचे, मशीनच्या पोटातल्या प्रोग्रॅमच्या दोन ओळी इकडच्या तिकडे करायचे आणि गुडघे झटकत उठायचे. "झालं. आता लावा." एका सकाळी ते आलेच नाहीत. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या जिन्यातच सगळं आटोपलं.

काही दिवस असेच गेले. मग साहेब ताईच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नजर खाली, त्या घरघरीकडे.

"ताई, हे मशीन उद्या बसलं तर?"

"तर आपणही बसलो, साहेब. डोक्याला हात लावून."

"चेष्टा नको. कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुणीही लावलं, तरी तेच निघालं पाहिजे. तीळभर फरक नको. मोठी रुग्णालयं आता हे विचारायला लागली आहेत. तुम्ही करा."

ताईला हे काम हवंच होतं. साहेबांसाठी नव्हे. कंपनीचं एक यंत्र तिच्या घरात होतं, तिच्या धाकट्या भावाच्या उशाशी.

धाकटा लहानपणी पळताना पडायचा, मग चालताना पडायला लागला, मग पडायचाही थांबला. स्नायू एकेक करून रजेवर गेले, असं तो सांगायचा. जीभ तेवढी ओव्हरटाइम करते. त्या जिभेवरच त्याचं पोट होतं. सकाळी यंत्र बाजूला ठेवून तो अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. रसायनशास्त्राचं पुस्तक असं वाचायचा, की आम्ल आणि अल्कली यांचं लग्न ठरलंय आणि घरच्यांचा विरोध आहे, असं वाटावं. झोपताना मात्र यंत्राशिवाय गत्यंतर नव्हतं. दुपारी आणि रात्री, तोंडावर मुखवटा, कडेने पट्टे. पट्टा जरा सैल झाला, वीज गेली, की यंत्र केकाटायचं. म्हणून त्याचं नाव सासूबाई.

"लग्न न करता सासू मिळालेला जगात मी एकटाच," तो म्हणायचा.

"आणि सासू बरी म्हणायला लावणारा जावईही तूच," मावशी स्वयंपाकघरातून ओरडायच्या. मावशी दिवसभर त्याच्यापाशी असत. त्याची कूस बदलायच्या, त्याला भरवायच्या, आणि शब्दाला शब्द द्यायच्या. तो म्हणायचा, तिसरं काम त्या फुकट करतात.

ताईने बांधणीची नवी घडण करायला घेतली. प्रत्येक तुकडा कुठून येतो ते शोधायचं, त्याची मूळ प्रत कोठारात, म्हणजे ऑफिसच्या सामायिक साठ्यात ठेवायची, कुठला तुकडा कुणाच्या आधी ते ठरवायचं. उतरवण्याचीही रीत तिने बदलली. यंत्राच्या पोटात दोन खोल्या केल्या. नवी बांधणी रिकाम्या खोलीत उतरायची, आणि ती उभी राहिली नाही तर यंत्र आपसूक जुन्या खोलीत परतायचं. संध्याकाळी घरी येऊन ती धाकट्याच्या पायाशी बसे आणि पाय चेपता चेपता सगळं सांगे.

"म्हणजे आता विरजणाशिवाय दही?"

"विरजणाशिवाय. दर वेळी कोऱ्या भांड्यात, आणि दर वेळी तीच चव."

"मास्तर वरून बघत असतील. म्हणत असतील, पोरीने माझं दुकान बंद केलं."

अखेर एक दिवस बांधणी कोऱ्या कॉम्प्युटरवर उभी राहिली. दुसऱ्यावर केली, तिथेही अगदी तीच निघाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पण ही बांधणी मास्तरांच्या बांधणीसारखीच आहे का, हे ताडून बघायचं राहिलं होतं, आणि ताई काही अर्ध्यावर सोडणाऱ्यातली नव्हती. तिने दोन्ही समोरासमोर ठेवल्या. फरकांचा ढीग पडला. जुन्या पद्धतीत जागोजागी बांधणीची तारीख कोरली जायची, त्यामुळे निम्म्या फाइली उगाचच वेगळ्या दिसत होत्या. तांदूळ निवडावेत तसे तिने कितीतरी फरक एकेक करून बघितले. तारीख, तारीख, पुन्हा तारीख. डोळ्यांची आग झाली. मग तिने ताडणाऱ्या प्रोग्रॅमला सांगितलं, ज्या फाइलीत तारीख कोरलेली आहे ती बाजूला ठेव, उरलेलं दाखव.

उरलेलं जुळलं. तंतोतंत.

तारीख बाजूला ठेव असं सांगायला हवं होतं. तिने फाइल बाजूला ठेव असं सांगितलं. दिसायला एवढीच चूक. खडे वेचायला बसावं आणि सुपाचा कोपराच झाकून ठेवावा, तशी.

ऑफिसात एक रीत मास्तरांच्या काळापासून चालत आली होती. नवी बांधणी आधी टेबलावरच्या यंत्रांवर चालवायची, मग कामावरच्याच लोकांच्या घरी असलेल्या दोन-चार यंत्रांत, आणि मगच बाहेर. दुसऱ्याच्या ताटात वाढण्याआधी आपण एक घास खावा, असं ते म्हणायचे. टेबलावर सगळं सुरळीत झालं. वीज काढली, बॅटरी चालू झाली, धोक्याची घंटा वाजली, पुन्हा पुन्हा वाजली.

"पहिला घास माझा," धाकटा म्हणाला.

"थोडं थांब. आधी इतरांकडे जाऊ दे."

"वा! तू रांधायचं आणि मी पान मांडून बसून राहायचं? ते जमणार नाही. दे."

तिने दिला.

काही दिवस छान गेले. टेबलाखालचं मशीन साहेबांनी कोठीच्या खोलीत हलवलं. भंगारवाला येणार होता. बाहेरच्या घरांतल्या यंत्रांची पहिली मोठी तुकडी त्या संध्याकाळी नवी बांधणी घेणार होती. दुपारी ताईचा फोन वाजला.

"ताई, लाइट गेलीय, आणि तो उठत नाहीये गं! सासूबाई काही बोलल्याच नाहीत! मी आपली कपडे वाळत घालत होते, मला वाटलं निजलाय—"

"मावशी, फुगा! पलंगाखालचा फुगा घ्या. तोंडावर धरा आणि दाबा. फोन खाली ठेवा, पण बंद करू नका."

फोनमधून हाताने श्वास द्यायचा रबराचा फुगा दाबल्याचा फसफस आवाज यायला लागला, आणि मधेमधे मावशींचं 'अरे ऊठ रे, ऊठ ना रे'. ताई खुर्चीतून अर्धी उठली होती. समोरच्या पडद्यावर संध्याकाळच्या तुकडीची यादी होती. ती पुन्हा खाली बसली. उतरवणं थांबवण्याची आज्ञा लिहिली, घाईत चुकीची लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. थांबल्याची खूण दिसेपर्यंत बसून राहिली. मग पळाली. त्या बसण्याबद्दल तिला पुढे कुणीही बोल लावला नाही. तिने मात्र तो स्वतःला लावला, आणि अजून लावते.

धाकटा वाचला. पण दवाखान्यात त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली. आता यंत्र दिवसरात्र. मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नव्हता, त्यामुळे जिभेने आपला ओव्हरटाइमही सोडला. डोळे तेवढे पूर्वीसारखे होते, सगळं कळणारे. रसायनशास्त्राचं पुस्तक निम्म्यावर राहिलं. एका विद्यार्थिनीने निरोप पाठवला, पुढचा धडा कधी येणार? मावशींनी तो वाचून दाखवला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला.

भंगारवाल्याला ताईने परत पाठवलं. कोठीच्या खोलीत जमिनीवर बसून तिने विरजण सुरू केलं. ते कण्हत कण्हत उठलं. तारीख कोरलेल्या फाइली तिने या वेळी एकेक उघडल्या. बॅटरीच्या फाइलीत मास्तरांच्या हातच्या दोन ओळी होत्या, कोठारातल्या मूळ प्रतीत कधीच न गेलेल्या. वर त्यांनी स्वतःच्याच चेष्टेखोर ढंगात लिहिलं होतं: 'म्हातारी उठेपर्यंत थांब.'

एवढंच. बॅटरी जुनी झाली की तिला जागं व्हायला क्षणभर जास्त वेळ लागतो. मास्तरांच्या दोन ओळी तेवढं थांबायच्या. ताईची स्वच्छ, कोरी बांधणी थांबली नाही. वीज गेली, तिने हाक मारली, म्हातारीने लगेच ओ दिली नाही. मग बॅटरी नाहीच असं समजून यंत्राने शहाण्या सुनेसारखं सगळं आवरलं आणि घंटेसकट गप्प झालं. टेबलावरच्या यंत्रांत बॅटऱ्या नव्या होत्या. त्या पहिल्या हाकेला उठायच्या.

"चूक माणसाची नाही, ताई, पद्धतीची आहे," साहेब म्हणाले.

"पद्धत मीच लिहिली आहे, साहेब."

घरी मावशींनी पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून ठेवली होती. ताई अक्षरांवरून बोट फिरवायची, हवं ते आलं की धाकटा डोळे मिटायचा. बरेच दिवस त्याने पुठ्ठ्याकडे बघितलंही नाही. मग एका सकाळी त्याने अक्षरं वेचली: सा. सू. ग. प्प. का.

ताईने सांगितलं. काही झाकलं नाही. तारखा, सूप, दोन ओळी, आणि त्या दुपारचं खुर्चीत परत बसणंसुद्धा. सांगून झाल्यावर त्याने डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. खालच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं, ते अडकत होतं, पुन्हा ओढत होतं. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा त्याने पुठ्ठा मागितला. बा. की. चे.

"बाकीचे वाचले. बाहेर कुणाकडे गेलं नव्हतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ते बघणं माफीचं होतं की नाही, हे ताईला ठरवता आलं नाही, आणि तिने ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

मास्तरांच्या दोन ओळी तिने कोठारात आपल्या जागी ठेवल्या, वरच्या चेष्टेसकट. दुरुस्तीवाल्यांकडून थकलेल्या, फुगलेल्या, टाकून द्यायच्या बॅटऱ्या गोळा केल्या आणि नवी बांधणी त्यांच्यावर चालवली. प्रत्येक वेळी घंटा वाजली. तरी दुधाने तोंड पोळलेल्या माणसाचं ताक ते. पहिल्या घासाची रीतच मोडावी, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेब बरं म्हणाले. हेच तिने घरी मावशींना सांगितलं, तर पलंगावरून डोळ्यांची उघडझाप सुरू झाली. पुठ्ठा आणला.

प. हि. ला.

"नाही," ताई म्हणाली. "मेले तरी नाही."

प. हि. ला. मग बोट बराच वेळ फिरत राहिलं. को. णा. चा. त. री. भा. ऊ.

ताई उठून खिडकीशी गेली, परत आली. मावशी म्हणाल्या, "पहिला जो कुणी असेल तो कुणाचातरी भाऊच असणार, म्हणतोय. ऐकणार नाही तो. आधीही कधी ऐकलंय?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नवी बांधणी त्याच्या यंत्रात उतरली. बॅटरी तीच ठेवली, त्या दुपारची, म्हातारी. मावशी फुगा दोन्ही हातांत धरून पलंगाला खेटून उभ्या राहिल्या, कुस्तीला उतरल्यासारख्या. धाकट्याचे डोळे ताईवर होते. ताई भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली, प्लगवर हात ठेवला, आणि मावशींच्या हातातला फुगा पुन्हा एकदा बघून घेतला.

"ओढ," मावशी म्हणाल्या.

तिने ओढला.

यंत्राचा पडदा काळा झाला. खोलीत काहीच वाजलं नाही. मावशींनी फुगा उचलला.

आणि सासूबाई केकाटल्या. साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं, कानठळ्या बसवणारं, एका सुरात. पाठोपाठ पडदा उजळला, नळीतून हवा गेली, छाती वर आली, खाली गेली. मावशी जमिनीवर बसल्या. ताई भिंतीला डोकं टेकून तशीच राहिली. घंटा बंद करायचं बटण दोघींच्या हाताच्या अंतरावर होतं, पण बराच वेळ कुणीच हात पुढे केला नाही.