काकीच्या खिडकीखालचा पाइप

मला चौकशा फार. माहेरी, देऊळगाव राजाकडं, आई वैतागून म्हणायची, "हिला सासरी ठेवून कोण घेईल?" घेतलं ठेवून. खामगावच्या अलीकडच्या एका गावात, बैलं, म्हशी आणि कापूस असलेल्या घरात दिलं, आणि मी नांदायला गेले त्याच वर्षी त्या घरात गोबरगॅस आला. मग काय विचारता! महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, सरकारी योजना गावोगाव फिरत होत्या, पण आमच्या गावात असा गॅस हा पहिलाच. शेणातून जाळ निघतो म्हणजे नेमका कुठून निघतो, हे बघायला मी टाकीच्या काठावर इतक्यांदा जाऊन उभी राहायचे, की नवरा म्हणायचा, "पडशीन त्यात एखांद्या दिवशी. मंग तुह्याच गॅसवर चहा करा लागीन आमाले."

गॅस घेतला तो सासूबाईंच्या डोळ्यांसाठी. सगळं आयुष्य चुलीपुढं गेलेलं, डोळे कायम लाल, पदरानं पुसून पुसून पापण्या सोललेल्या. खामगावच्या डॉक्टरनं धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. पण ही बाई चूल सोडून राहते थोडीच! मला म्हणायच्या, "तू भाजी चीर, भाकरी म्या टाकतो." गॅस आला, डोळ्यांचं पाणी थांबलं, आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. सासू म्हणून त्या कडक होत्या, पण माझ्या प्रश्नांना कधी कंटाळल्या नाहीत, आणि तेवढ्यावर मी त्यांना जीव लावला होता.

टाकी गोठ्यात, आणि पाइप आमच्या अंगणातून स्वयंपाकघरात आणलेला. बसवला तेव्हा उन्हाळा होता. कापसाची वेचणी सुरू झाल्यावर अंगणात भरलेल्या बैलगाड्या यायला लागल्या, आणि चाकाखाली पाइप दबला. दुरुस्त केला, पुन्हा दबला. वरून फरशी टाकली, तर फरशीच फुटून पाइपात घुसली. शेगडीवरचा जाळ फुरफुरायचा आणि जायचा. झालं, पुन्हा चूल, पुन्हा धूर, पुन्हा सासूबाईंचा पदर डोळ्यांना.

पाइप हलवायचा तर दुसरी वाट एकच होती, घराच्या मागून. तिथं आमच्या आणि शेजारच्या काकीच्या घरामध्ये अरुंद बोळ होता. काकी एकटीच राहायची. नवरा वारलेला, लेक सासरी, शेती स्वतः बघायची आणि गड्यांना स्वतः शिव्या द्यायची. तिच्या मागच्या खोलीची खिडकी बरोबर त्या बोळात उघडायची, आणि त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. त्या गावची रीतच तशी होती. घरातली चांगली, कोरडी, दार लागणारी खोली कापसाला द्यायची, भाव चढेपर्यंत त्यात हात घालायचा नाही, आणि माणसांनी ओसरीवर झोपायचं. आमच्या घरीही तेच होतं. मला नव्यानं आल्यावर याचं फार हसू यायचं, पण नवऱ्यापुढं हसायची सोय नव्हती.

काकीनं नाही म्हटलं नाही. कमरेवर हात ठेवून बोळात उभी राहिली आणि म्हणाली, "टाका पाइप. माह्यं काई म्हननं नाई. पन आंधी मले सांगा, गॅस सुटला तं तो कुठी जाते?"

मला तिचा राग आला, कारण घरात धूर कोंडलेला होता आणि ही बाई प्रश्न काढत बसली होती. आणि खरं सांगू? मनातून मी खूशही झाले, कारण अगदी हाच प्रश्न मलाही पडलेला होता.

गॅस सरकारी योजनेतला, म्हणून पाइप हलवायला तालुक्याच्या साहेबाची मंजुरी लागायची. साहेब आला. सायकल भिंतीला लावून त्यानं सगळं नीट बघितलं. विहीर किती लांब, बोळातलं पाणी कुठं वाहतं, कडुलिंबाची मुळं आड येतात का, पाइपाला उतार मिळेल का. उतार नसला तर आत पाणी साचतं आणि गॅस अडतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं, कारण मी विचारलं. सगळं ठीक आहे म्हणाला. तेवढ्यात काकीनं त्याला आपली खोली उघडून दाखवली.

"साहेब, विहीर पाह्यली, झाड पाह्यलं. आता हे पाहा. इथी गॅस आला आन कोनं दिवा नेला, तं काय होईन?"

साहेबानं आत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "बाई, ते मलाही बघूनच सांगावं लागेल." पाइप बोळात टाकायचा, पण न बुजवता काही दिवस उघडा ठेवायचा, तोवर शेगडी पेटवायची नाही, असं त्यानं ठरवलं. जोडांवर रिठ्याचा फेस लावून बुडबुडे येतात का ते रोज बघायचं, आणि बोळातला वारा कुठून कुठं जातो तेही बघायचं. "हे काम कोण करील?" म्हणाला. मी आणि काकी एकदमच म्हणालो, "मी."

ते दिवस मला अजून आवडतात. सकाळी काकी रिठे भिजवून फेस करून आणायची आणि मी वाकून जोडाजोडाला चोपडायचे. बुडबुडा दिसला रे दिसला की दोघी ओरडायचो. एका जोडातून गॅस खरंच सुटत होता. आमच्या ह्यांनी तो पुन्हा घट्ट केला, तर काकी म्हणाली, "पाह्यलं? तुह्या नवऱ्याच्या हातचा हाय, म्हनून म्या सांगून राह्यली होती." वाऱ्यासाठी आम्ही वळचणीला दोरे बांधून खाली कापसाचे पुंजके लोंबते सोडले. कापूस काकीचाच. "तेवढा तोलून घेजो माह्याकडून," म्हणाली, आणि स्वतःच हसली.

सकाळी पुंजके आमच्या भिंतीकडं झुकायचे, म्हणजे विहिरीकडून वारा यायचा. दुपारी अगदी गप्प. मी तिथून हलेना. सासूबाई आतून हाका मारून दमायच्या. दिवस कलला की बोळ निवायचा, आणि पुंजके हळूच वळून काकीच्या खिडकीत शिरायला लागायचे. पहिल्यांदा वाटलं, आजच असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी साहेब आला होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळे पुंजके खिडकीकडं वळल्यावर मी टाळी वाजवून ओरडले, "बघा, बघा! आत जातंय!"

बोलून गेले आणि जीभ चावली. साहेबाचा चेहरा उतरला. "मग हे असं मंजूर करता यायचं नाही," तो म्हणाला. "गॅस सुटला, तर संध्याकाळी तो कापसातच जाईल." जोड खिडकीपासून लांब नेता येतील, खिडकीसमोर अखंड पाइप टाकता येईल, असंही त्यानं सुचवलं, पण काकीकडं बघितलं. काकी खिडकीत शिरलेला पुंजका बाहेर ओढत होती. वर्षाची सगळी मेहनत त्या खोलीत होती. तिला कोण काय म्हणणार?

मी तणतणत घरात आले. सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, आणि घर धुरानं भरलेलं होतं. मागचं दार उघडंच होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्याच तोंडानं वाटोळं झालं. आता तुमच्या डोळ्यांचं काय करायचं?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. "माह्या डोयांचं काय करतं? ते कवाचे गेले."

"गेले म्हणजे?"

"डाक्टरनं तवाच सांगतलं. एक गेला, दुसऱ्यानं उजेड तेवढा समजते. आता धूर असो का नसो. तुह्या नवऱ्यालेही म्या बोलू देल्लं नाई."

"मग गॅस कशाला घेतला?"

"तू येनार होती ना. पोरीचे डोये चांगले हायेत, म्हने. म्या म्हनलं, ते तरी राहू द्या." मग भाकरी उलटून म्हणाल्या, "साऱ्या गावाचं पाहून राह्यली तू, टाकी पाह्यली, वारा पाह्यला. मले दिसत नाई हे तुले कसं दिसलं नाई व?"

त्या भाकरी हातानं चाचपून उलटायच्या, मिठाच्या डब्यावर बोट ठेवून मग झाकण काढायच्या, मला वाटायचं सवयीचा हात आहे. रडू आलं, आणि त्यांचा रागही आला, की एवढं लपवून ठेवलं. "सांगायचं होतं!" मी ओरडले. "अवं, कायले?" त्या म्हणाल्या. "तू मंग मले चुलीपुढं बसू देल्लं असतं का?"

मागच्या दारात काकी उभी होती. फेसाचं भांडं परत न्यायला आली होती, सगळं ऐकलं असणार. ती भांडं न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला म्हणून मी धावत गेले. काकी मागच्या खोलीतून कापसाची गाठोडी ओढत होती. तिच्या ओसरीला तट्टे बांधून झाले होते, पुढच्या खोलीतली खाट आणि भांडी अंगणात निघाली होती. आमचे हे गेले, मी गेले, गडी आले. दुपारपर्यंत सगळा कापूस पुढच्या खोलीत आणि ओसरीवर गेला, आणि मागची खोली रिकामी झाली. मी केसातला कापूस झाडत विचारलं, "काकी, पण मग झोपायचं कुठं तुम्ही?"

तिनं खाट उचलली आणि सरळ मागच्या खोलीत, खिडकीखाली टाकली. त्या पाइपाला लागूनच.

"इथी? आणि गॅस सुटला तर?"

"सुटला तं वास येईन ना," काकी म्हणाली. "कापसाले नाक नसते, पोरी. मले हाय."

साहेबानं मंजुरी दिली. आमच्या घरात तो पाइप होता तोवर काकी त्या खिडकीखालीच झोपली.