देवचंद नानांचा शेरा

जळगावच्या पाटबंधारे कचेरीत मी कारकून म्हणून लागले, तेव्हा माझं टेबल देवचंद सुरवाडे यांच्या शेजारी आलं. सगळे त्यांना नाना म्हणत. मूळचे अमळनेरकडचे, अंगाने किरकोळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. पाणी मागणीचा अर्ज घेऊन शेतकरी आला की नाना त्याला खुर्ची देत, अर्जातली ओळ न् ओळ वाचून दाखवत आणि मगच सही करायला सांगत.

"नाना, तुमचा एक अर्ज होईपर्यंत माझे चार होतात," मी एकदा म्हणाले.

"होऊ दे ना सारिका. सही त्याची आहे. त्याला कळायला नको का, कशावर करतोय?"

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या मे महिन्यात एका मोठ्या शहराच्या बाजारात स्फोट झाला. एकोणीस माणसं गेली. चार दिवसांनी बाहेरगावचं तपास पथक जळगावात आलं आणि आमच्या साहेबांकडे दोन पंच मागितले. झडतीत काय सापडलं ते डोळ्यांनी पाहायचं आणि पंचनाम्यावर सही करायची, एवढंच पंचाचं काम. साहेबांनी नानांना आणि शिपाई भाईदासला पाठवलं.

पिंप्राळ्याकडे एका घरात दोन भाडेकरू राहत होते. पुढच्या खोलीतला माणूस तीन महिन्यांपूर्वी आलेला. त्याने घरमालकाला सांगितलेलं नावही खोटं निघालं. मागच्या खोलीत सिकंदर तडवी राहायचा. यावल तालुक्यातला, पाइपच्या कारखान्यात कामाला, वय सव्वीस. फावल्या वेळात तो लोकांचे रेडिओ, मिक्सर दुरुस्त करून द्यायचा. दोघांनाही सकाळीच ताब्यात घेतलं होतं.

पुढच्या खोलीत पलंगाखाली पत्र्याची पेटी निघाली. तीत करड्या रंगाची पूड, वायरची भेंडोळी आणि टायमर होते. हवालदाराने एकेक टायमर वर्तमानपत्रावर मांडला तसे नानांनी मनात मोजले. आठ. मग मागची खोली झाली. तिथे स्टोव्ह, दोन पातेली, कपडे, वायरी जोडायची एक सोल्डरिंग गन आणि उघडून ठेवलेला रेडिओ. बाकी काही नाही.

पंचनामा लिहून होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. भाईदासने सही ठोकली आणि तो सावलीत जाऊन बसला. नानांनी चष्मा काढून पुसला, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर कागद ठेवले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

चौथ्या पानावर ते थांबले. पुढच्या खोलीत पाच टायमर आणि मागच्या खोलीत तीन टायमर, असं तिथे लिहिलं होतं.

"साहेब, आठही पुढच्याच खोलीत निघाले," नाना म्हणाले. "मागं एकही नव्हता."

पथकाचे निरीक्षक गायधनी चार रात्री झोपले नव्हते. स्फोटानंतर बाजारातून जखमींना उचलणाऱ्यांत ते स्वतः होते. "अहो, दोघं एकाच घरात राहतात. एकाच नळाचं पाणी पितात. मागचा सामील नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही त्याला न्या, विचारा, पूर्ण चौकशी करा. पण हे मी पाहिलेलं नाही."

"उद्या हा सुटला आणि दुसरीकडे स्फोट झाला तर? त्या मेलेल्यांच्या घरी जाऊन तुम्ही सांगणार?"

नानांचा मुलगा प्रशील केंद्रीय राखीव पोलीस दलात होता, त्या वेळी काश्मीरला होता. टीव्हीवर स्फोटाची बातमी लागली की घरात कुणी जेवायचं नाही. गायधनी काय म्हणतायत ते त्यांना पुरतं कळत होतं.

"साहेब, सही हवी असेल तर मी शेरा लिहून करीन. नाहीतर दुसरा पंच बघा."

गायधनी भडकले. नको ते बोलले. सरकारी नोकर असून देशाच्या कामात आडवे येता, वरिष्ठांना कळवतो, असंही म्हणाले. नाना उभेच राहिले. शेवटी गायधनींनी पेन त्यांच्यापुढे आपटलं. नानांनी आपल्या गोल अक्षरात चार ओळी लिहिल्या: आठही टायमर पुढील खोलीतील पेटीत माझ्यासमक्ष मिळाले. मागील खोलीत एक सोल्डरिंग गन मिळाली, टायमर मिळाला नाही. बाकी मजकूर वाचला, तो बरोबर आहे. खाली सही, तारीख, वेळ.

सोल्डरिंग गन लिहायला नको होती, असं नंतर सिकंदरच्या वकिलाला वाटलं. नाना त्याला म्हणाले, "ती होती तिथं. मग कशी गाळू?"

गोष्ट दोन दिवसांत कचेरीभर झाली. चहाच्या टपरीवर लोक त्यांना पाहून गप्प व्हायला लागले. एकाने तोंडावर विचारलं, "नाना, पोरगं तिकडे सीमेवर आणि तुम्ही इकडे अतिरेक्यांची वकिली करता?" नानांनी चहाचा कप ठेवला आणि ते उठून आले. दोन आठवडे डबाही नीट खात नव्हते. घरी बायकोने, पार्वताबाईंनी, त्यांना समोर बसवलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं.

"तुम्ही जे दखं तेच लिखं ना?"

"हो."

"मंग घाबरानं काय कारण शे?"

खरी धास्ती होती ती प्रशीलच्या फोनची. त्याच्या कानावरही गेलंच होतं. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा नानांनी स्वतःच सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आम्ही नाक्यावर गाड्या तपासतो. एका चुकीच्या गाडीवर सगळे जण अडकून बसलो की खरी गाडी मागून निघून जाते. तुम्ही बरोबर केलं. आईला फोन द्या."

हे नानांनी मला माझ्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं.

त्या शेऱ्याने सिकंदर लगेच सुटला असं मात्र झालं नाही. कायदा कडक होता, जामीन मिळेना. आरोप ठेवायची वेळ आली तेव्हा न्यायाधीशांनी चौथं पान आणि खालचा शेरा शेजारी शेजारी ठेवून वाचला, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून त्याला मुक्त केलं. तोवर अकरा महिने गेले होते. कारखान्यातली जागा भरली गेली होती. "अकरा महिने," नाना पुन्हा पुन्हा म्हणायचे. "आपण अजून कुठं जाऊन सांगायला हवं होतं का सारिका?"

पुढच्या खोलीतल्या माणसाचा खटला तीन वर्षांनी उभा राहिला. नानांची साक्ष होती त्या दिवशी मी रजा टाकून पार्वताबाईंच्या सोबतीला गेले. आधी भाईदासची साक्ष झाली. पेटी कुठे होती, कोणी उघडली, काहीच त्याला धड सांगता येईना. बचावाच्या वकिलाने त्याला दहा मिनिटांत गार केलं. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला.

मग नाना पिंजऱ्यात उभे राहिले. पेटीचं कुलूप कुठल्या रंगाचं, वर्तमानपत्र कुठलं, टायमर कोणत्या क्रमाने मांडले, ते सगळं त्यांनी सांगितलं. सीलबंद पाकिटांवरच्या आपल्या सह्या ओळखल्या.

बचावाचा वकील पुढे आला. "हा पंचनामा चुकीचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. बरोबर?"

"एका ठिकाणी चूक होती. तिथं लिहिलं."

"मग बाकीचाही खोटा नसेल कशावरून?"

"बाकी चुकीचं असतं तर तेही लिहिलं असतं, साहेब."

"पोलिसांनी तुम्हाला आज काय बोलायचं ते पढवून आणलंय!"

"पोलीस माझ्यावर तीन वर्षं नाराज आहेत. पढवायला कोण येणार?"

न्यायाधीशही हसले. वकिलाने दीड तास उलटतपासणी घेतली, नाना कुठेच हलले नाहीत. त्या माणसाला जन्मठेप झाली. या पंचाने पोलिसांच्या विरुद्ध जाणारी गोष्टही तिथल्या तिथे नोंदवली, म्हणून त्याच्या उरलेल्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं निकालपत्रात आलं. ते पान मी झेरॉक्स करून ठेवलंय.

निकालाच्या दिवशी गायधनी कोर्टाच्या व्हरांड्यात नानांना गाठून म्हणाले, "नाना, त्या दिवशी मी तुम्हाला फक्त शिव्या द्यायच्या बाकी ठेवल्या होत्या."

"बाकी नव्हत्या ठेवल्या, साहेब. दिल्या होत्या."

गायधनी ओशाळून हसले. मग गंभीर झाले. "केस तुमच्या सहीवर टिकली. आणि तो तडवीचा पोरगा... मी चुकलो होतो." पोलीस अधिकाऱ्याने व्हरांड्यात, आपल्या शिपायांसमोर असं म्हणणं सोपं नसतं. नानांनी त्यांचा हात हातात घेतला.

सिकंदर आता यावलच्या स्टँडजवळ मोटारी आणि पंप दुरुस्त करतो. नाना निवृत्त झाले. गेल्या वर्षी गायधनींच्या शिफारशीवरून जळगावात नव्या पोलीस शिपायांसमोर बोलायला त्यांना बोलावलं होतं. नाना वीस मिनिटं बोलले, पंचनामा कसा लिहावा, पंचाला तो कसा वाचू द्यावा, एवढंच. एका पोरीने हात वर केला. "सर, तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली ना. इतकी की तारीख दोनदा चुकली, दोनदा खोडली. कागदावर अजून दिसते ती खाडाखोड."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मागच्या रांगेत पार्वताबाई माझ्या बाजूला बसल्या होत्या. पलीकडच्या महिला शिपायाच्या दंडाला हात लावून त्यांनी स्टेजवरच्या नानांकडे बोट दाखवलं.

"ते मना मालक शेतस," त्या म्हणाल्या.