चांदीचं सोल्डर आणि आमचा मामा

आमच्या अंबडच्या रिपेअरिंगच्या दुकानात टेबलाखाली सोल्डरचे थेंब साचतात, तसे किस्से साचतात. झाडायला कुणी न्हाई. मी डिप्लोमा सोडून मामाच्या हाताखाली आलो. मामाला वाटतं, शिकायला आलो!

*

मामाचं सोल्डरिंग आयर्न शंभर वॅटचं. पत्र्याचे डबे जोडायचं! तेच एकदा नाजूक मीटरवर टेकवलं. बोर्डावरची तांब्याची पट्टी दुधावरच्या सायीसारखी वर आली.

"माल हलका आहे," मामा म्हणाला.

"माल न्हाई मामा, तुमचा हात जड आहे!"

*

कॉलेजनं भंगारात काढलेला जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा, विजेची लहर पडद्यावर रेघेत दाखवणारा ऑसिलोस्कोप मामानं कधीचा आणून ठेवल्ता. आपला जीवच जडला! आतले तीन-चार सांधे सुटले होते, बस्स. पण सांधे चिनी मातीच्या पट्टीवर, खाचांना चांदीचा मुलामा. साधं सोल्डर लावलं की ते चांदी खातं, खाच कायमची बाद. चांदी मिसळलेलंच सोल्डर पाहिजे.

"चांदी-बिंदी काही नसतं, कंपन्यांचे चोचले!" मामा म्हणाला. "शनिवारी भंगारवाला येऊन राह्यला. तवर चालू झाला तर तुझा, न्हाई तर त्याचा."

*

जालन्याच्या दुकानदाराला फोन केला. "चांदीचं? सराफ्यात बघ!" म्हणे. मामा खरंच सोनाराकडून तुकडा घेऊन आला. आयर्न तापून तापून थकलं, तुकडा ढिम्म! तो सोनाराच्या ज्योतीवरच वितळतो. जन्मभर धंदा केला, एवढं माहीत न्हाई!

मंग मामानं मामीच्या जोडव्यांकडं पाह्यलं.

"आधी तुमची जीभ वितळवा!" मामी म्हणाली.

*

शनिवारी सकाळी स्कोपचं दुसऱ्या बाजूचं झाकण काढलं. आत एक खुंटी, खाली इंग्रजीत लिहिलेलं: हेच चांदीचं सोल्डर वापरा. कंपनीनं गुंडाळी आतच दिल्ती! खुंटी मात्र रिकामी.

"मामा, इथली तार कुठंय?"

"कधीच काढली. मऊ होती, कामाला आली."

"कोणत्या कामाला?"

मामाचा हात हळूच कानाकडं गेला. चष्म्याची मोडकी काडी त्याच तारेनं बांधलेली!

मी चष्मा ओढला, तार सोडवली. दारात भंगारवाल्याची गाडी. मामा शिव्या देऊन राह्यला, मी सांधे देऊन राह्यलो. बटन दाबलं. व्हॉल्व्ह तांबूस झाले आणि पडद्यावर हिरवीगार रेघ! भंगारवालासुद्धा "वा!" म्हणाला.

मामा चष्म्याचे तुकडे मुठीत धरून, डोळे बारीक करून, शेजारच्या बंद टीव्हीकडं बघत राह्यला.

"कुठंय रेघ? म्हणलं न्हवतं, चांदी-बिंदी काही नसतं!"